खाच, जीभ, ठिपका

आमच्या शेडमध्ये टेप एकच होता आणि तो मिस्त्रींच्या कमरेला असायचा.

भोरच्या बाहेर, उत्रोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ती लांबडी शेड आहे. आत दोन वेल्डिंगचे सेट, एक कटर, एक ड्रिल मशीन आणि आम्ही पाच माणसं. शेड मिस्त्रींची. काम ट्रॉलीचं असो, खिडकीच्या ग्रीलचं असो नाहीतर गोठ्याच्या दाराचं, माप मिस्त्री घेणार, खडूची रेघ मिस्त्री मारणार आणि रेघेच्या टोकाला सेंटर पंचाचा, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याचा, ठिपका तेच ठोकणार. बाकीच्यांनी कापायचं, धरायचं, वेल्डिंगचे टाके मारायचे. "किती आलं, मिस्त्री?" असं विचारलं की ते टेपची पट्टी सट्‌कन आत सोडायचे.

"तुला काय करायचंय? रेघ दिसतीय न्हवं? रेघेवर काप."

एकदा त्यांना ताप आला आणि ते आठ दिवस उत्रोलीला घरी पडून राहिले. ते आठ दिवस शेडमध्ये चार धडधाकट माणसं चहा पीत बसली होती. वीज होती, यंत्रं होती, लोखंड पडून होतं. पण रेघ नव्हती. मी आयटीआय केलेली, माप मला वाचता येत होतं. मात्र कुठं कटरच्या पात्याची जाडी धरायची, कुठं वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढलं जातं म्हणून दोन मिलिमीटर सोडायचे, हे त्या शेडमध्ये एकाच डोक्याला माहीत होतं आणि ते डोकं उत्रोलीत गोधडीखाली होतं.

मला ह्याचा संताप यायचा. अजूनही येतो. एका माणसाकडे सगळं माप असणं ही मला नुसती गैरसोय वाटत नाही, मला तो अन्याय वाटतो. माप ज्याच्या कमरेला, हुकूम त्याचा.

हा राग मी घरून आणला आहे. माझे वडील भोरमधल्या एका छापखान्यात कामाला होते. दिवसा मशीन चालवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. धरणाखाली गेलेल्या जमिनीचं पत्रक, शेतमजुरांच्या हजेरीचं पत्रक, बंद झालेल्या एसटीच्या फेरीचं पत्रक. भोंगवलीच्या आमच्या घरात डब्यांच्या तळाशी पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, भिंतीच्या भेगेत पत्रकांचा बोळा. मी वाचायला शिकले ती 'जाहीर आवाहन' ह्या दोन शब्दांपासून. शाळेच्या पुस्तकातला ससा मला नंतर भेटला.

वडिलांचा एक नियम होता. पत्रक छापायला टाकण्याआधी ते आईला वाचून दाखवायचे. आई शाळेत गेलेली नाही. ती भाकरी थापत ऐकायची आणि मध्येच, तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "म्हंजी?" ज्या ओळीवर 'म्हंजी?' आलं ती ओळ वडील तिथल्या तिथं खोडायचे. कधी कधी ते चिडायचे, "अगं, सरळ तर लिहिलंय!" त्यावर आई म्हणायची, "तुमाला सरळ हाय. तुमीच लिवलंय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि तरीही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी त्याच बाबतीत केली. ती पुढे येईलच.

आयटीआयनंतर मी शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात काही महिने उमेदवारी केली. तिथं पहिल्यांदा मी लेझरवर कापलेल्या प्लेटी हाताळल्या. एका प्लेटच्या कडेला बोटाच्या पेराएवढी जीभ बाहेर काढलेली असायची आणि दुसऱ्या प्लेटमध्ये तेवढीच फट. जीभ फटीत घातली की दोन्ही प्लेटी जिथं उभ्या राहायला पाहिजेत तिथंच उभ्या राहायच्या. काटकोन पाहायला गुण्या लावायला नको, टेप लावायला नको. माप कुणाला विचारायचंच नाही, कारण ते लोखंडातच कापलेलं. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती जीभ आतबाहेर करत बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गं, खेळणं मिळालं का?" मला खेळणं नव्हतं मिळालं. मला वाटलं, हे पत्रक आहे. एकाने लिहायचं, कुणीही वाचायचं, आणि लिहिणारा समोर उभा नसला तरी काम व्हायचं.

भोरला परत येऊन मी मिस्त्रींच्या शेडमध्ये लागले आणि जिभांचा हट्ट धरला. चित्र मी संगणकावर काढायचं, प्लेटी हायवेच्या बाजूला एका लेझरवाल्याकडून कापून आणायच्या, आणि शेडमध्ये नुसतं जुळवून टाके मारायचे. पहिल्या ट्रॉलीच्या पेटीचे तुकडे आले तेव्हा मिस्त्रींनी एक प्लेट उचलून उजेडात धरली.

"ह्या जिभा कशापायी? कुणाला येडावून दाखवायचंय?"

"मिस्त्री, ही जीभ ह्या फटीत जाते. मग चौकोन आपोआप काटकोनात बसतो. रेघ मारायला नको."

"रेघ मारायला नको?" त्यांनी शेडमधल्या तिघांकडे पाहिलं. "ऐकलं का रं? पत्रा आता सोता बोलनार. मंग म्या काय करायचं? निसती मान हलवायची नंदीबैलावानी?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला कळलं की मिस्त्री हसत नव्हते. चाळीस वर्षं ज्याने रेघ मारली त्याला मी रेघ नको म्हणत होते. मी बरोबर होते, तरी ते बोलणं मी फार लवकर बोलले. तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'पत्रकवाली' ठेवलं.

मग वेल्ह्याच्या अंगाकडून साकवाचं काम आलं.

राजगडाच्या पायथ्याला पाली आहे. तिथल्या डांबरी रस्त्यावर गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या लागतात. तो रस्ता सोडून दुसऱ्या अंगाने पाऊण तास चढलं की धनगरांची एक वाडी लागते. पाच-सहा घरं, मेंढरं, शेळ्या, थोडी गुरं. वाडी आणि वाट यांच्या मध्ये एक ओढा. पावसाचे चार महिने तो कुणाला ओलांडू देत नाही. मग दुखणाईत माणूस असो की दुधाची किटली, डोंगराला वळसा घालून अर्ध्या दिवसाची पायपीट. वाडीने वर्गणी काढून लोखंड घ्यायचं ठरवलं होतं, दोन्ही काठांना दगडी ओटे स्वतः बांधून काढले होते, आणि आता त्यांना पावसाच्या आधी लोखंडी साकव पाहिजे होता.

शेडवर आली ती वाडीची सगळ्यात वयस्क बाई. वाडीतले सगळे तिला थोरली म्हणतात, म्हणून मीही थोरलीच म्हणते. तिने कनवटीची दोरी काढली. घरच्या लोकरीची, काळी. दोरीला दोन गाठी.

"ह्या गाठीपासून त्या गाठीपत्तोर आमचा वडा."

मिस्त्रींनी दोरी टेबलावर ताणून टेप लावला. वीस फूट. दुसऱ्या दिवशी ते आणि मी वर जाऊन मोजून आलो. वीस फूट आणि एक बोट.

"एक बोट कुठलं आलं?" मिस्त्रींनी तिला विचारलं.

"दोरी वल्ली झाली हुती," थोरली म्हणाली. "तुमचा टेप वल्ला हुतो का?"

अडचण अशी की वर वेल्डिंगचा सेट नेता येत नव्हता. वाडीवर वीज आहे ती दिव्यापुरती, आणि जनरेटर त्या चढावर चढवणं कठीण. साकव तुकड्यातुकड्यांनी डोक्यावरून वर न्यायचा आणि बोल्टांवर जोडायचा. मिस्त्रींचं म्हणणं, प्लेटी वर नेऊ, तिथं टेप लावून एकेक भोक बॅटरीच्या ड्रिलने पाडू, चार-पाच दिवस लागतील. माझं म्हणणं, सगळं खाली कापून न्यायचं, जिभा-फटींनी बसवायचं, वर एकही भोक पाडायचं नाही. एका दिवसात, वाडीच्या माणसांच्या हातांनी.

"वाडीच्या? त्यांनी पाना तरी धरलाय का कधी?"

"म्हणूनच तर, मिस्त्री."

मिस्त्रींनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाले, "बरं. शर्यत. वर एक जरी भोक पाडाय लागलं, एकदा जरी टेप काढाय लागला, तर शेडात ह्या जिभा पुन्यांदा दिसायच्या न्हाईत. खडू आन्‌ रेघ."

"आणि नाही काढावा लागला तर?"

त्यांनी कमरेच्या टेपवर हात ठेवला. "तर ह्यो खिळ्याला टांगीन. ज्याला पायजे त्यानं घ्यावा."

मला दुसरं काही नकोच होतं.

ओळखीच्या एका बांधकाम अभियंत्याकडून मी वजनाचा हिशेब तपासून घेतला आणि चित्र काढायला बसले. दोन्ही बाजूंना तीन-तीन लांब प्लेटी, वरखाली दुमडलेल्या, म्हणजे लोखंडी पन्हळीसारख्या. मध्ये आडव्या प्लेटी, त्यांच्या जिभा बाजूच्या प्लेटींच्या फटीत शिरणार. लांब प्लेटींच्या सांध्यावर जोडपट्ट्या, आठ-आठ बोल्टांच्या. वर चालायला खडबडीत पत्रा. प्रत्येक तुकडा एका नाहीतर दोन माणसांना उचलेल एवढाच.

लांब प्लेटी दिसायला सारख्या, पण भोकं वेगळी. उजवीची डावीला गेली की सगळा घोळ. म्हणून मी त्या सहा प्लेटींच्या कोपऱ्यांत लहान खाचा ठेवल्या. एकीला एक खाच, एकीला दोन, एकीला अर्धगोल, एकीला कोपराच तिरपा. बसवायच्या जागेवर मी खडूने तीच खूण काढणार होते. खाच बघायची, जागेवर ठेवायची. अक्षर न येणाऱ्यालाही वाचता यावं, हा माझा अभिमान होता.

प्लेटी आल्यावर शेडमध्ये सगळा साकव एकदा बोल्टांवर जुळवून पाहिला. मीच जुळवला. सगळं फटाफट बसलं. मिस्त्री स्टुलावर बसून तंबाखू मळत बघत होते. संध्याकाळी तो खोलून गठ्ठे बांधले. दोन दिवसांनी टेम्पो माल पालीच्या पुढे गाडीवाट संपते तिथं उतरवून आला. वाडीची माणसं तिथून माल वर नेऊन ओढ्यापाशी ठेवणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आणि मी बोल्टांची पोती आणि पाने घेऊन वर पोचलो. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाडीने ओंडके रचून मचाण केलं होतं. आडव्या प्लेटी, जोडपट्ट्या, चालायचा पत्रा, सगळं नीट लावून ठेवलेलं. सहा लांब प्लेटी मात्र नव्हत्या. एकही नाही.

मिस्त्रींनी पोतं खाली टाकलं. "कुठं ग्येल्या तुज्या बोलक्या प्लेटी? काय सांगून ग्येल्या का?"

लोखंड चोरीला गेलं असेल तर ते वर्गणीचं, वाडीचं. मी धावतच वाडीत गेले.

पहिलंच घर थोरलीचं. तिच्या अंगणात भिंतीला टेकवून एक प्लेट उभी होती. पुसून स्वच्छ केलेली. दुसऱ्या घरापाशी दुसरी, तिच्यावर घोंगडी पांघरलेली. तिसऱ्या घराने आपली प्लेट घराच्या ओट्यावर आडवी ठेवून तिच्याभोवती कुंपणासारख्या काट्या लावल्या होत्या, शेळ्यांनी चाटू नये म्हणून.

"थोरले," मी परत तिच्या अंगणात येऊन धापा टाकत म्हटलं, "ह्या प्लेटी घरात कशाला आणल्या?"

"घरात न्हाई तर कुठं?" थोरली म्हणाली. "आदी ह्ये सांग पोरी, आमच्या मेंढरांच्या कानाच्या खुना तुला कुनी सांगितल्या?"

"कसल्या खुणा?"

तिने शेजारची एक मेंढी गुडघ्यांत दाबून धरली आणि तिचा उजवा कान उलटा केला. कानाच्या कडेला दोन खाचा. मग तिने बोटाने भिंतीकडे दाखवलं. प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात दोन खाचा.

रानात मेंढरं एकमेकांत मिसळली तरी कुणाची कुठली ते कळावं म्हणून त्या वाडीत दर घराची कानाची खाच वेगळी. एकाची एक, एकाच्या दोन, एकाचा अर्धगोल. मी भोंगवलीची, शेतकऱ्यांच्या गावातली. मला हे माहीत नव्हतं. मी संगणकासमोर बसून सहा खुणा काढल्या होत्या, आणि लोखंडाच्या कोपऱ्यात माणूस किती प्रकारच्या खाचा पाडणार? कानातही तेवढ्याच पडतात.

"आमाला वाटलं शेडवाल्यांनी घरटी वाटनी करून धाडलंय," थोरली सांगत होती. "ज्याची खून त्यानं उचलायची, त्यानंच संबाळायची. ना भांडान, ना तंटा. लई झ्याक क्येलंत."

मिस्त्री मागून येऊन ऐकत होते. ते हसता हसता दगडावरच बसले. डोळे पुसत म्हणाले, "घे गं! वाचलं लोकांनी तुजं पत्रक. निराळंच वाचलं, पर वाचलं!"

मी मोजायला लागले. पाच घरी पाच.

"सहावी कुठाय? तिरप्या कोपऱ्याची?"

"ती माज्या धाकल्या दिराची खून," थोरली म्हणाली. "त्यो दोन सालं झाली, वर पठारावर ऱ्हातो जनावरं घिऊन. त्याची त्याला पोच केली काल."

"वर? एवढी जड प्लेट घेऊन तुम्ही अजून वर चढलात?"

"मंग? वाडीत ऱ्हात न्हाई म्हनून त्याला साकवात वाटा न्हाई व्हय?"

मी आयुष्यभर समान वाट्याची पत्रकं वाचली. ही बाई तो वाटा डोक्यावर घेऊन डोंगर चढवते. पठार किती लांब म्हणून विचारलं तर म्हणाली, "हितंच की, घटकाभर." तिची घटका आमच्या दीड तासाची असते. माणूस धाडला.

तोवर आम्ही काम सुरू केलं. मी ओट्यांवर आणि मचाणावर खडूने खुणा काढल्या, आणि मग मला काही सांगावंच लागलं नाही. ज्याची खूण तो आपली प्लेट घेऊन आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. बायका, पुरुष, सगळे. मी एवढंच सांगितलं, "जीभ फटीत जाईपर्यंत हलवत राहायचं. टक्‌ वाजलं की थांबायचं. पाना त्याच्यानंतर."

टक्‌. टक्‌. दुसऱ्या अंगाने अजून एक टक्‌. आपली प्लेट आधी बसावी म्हणून घराघरांत चुरस लागली.

"ए, तुमची बसना व्हय अजून?"

"आमची बसलीय कवाच. तुमी तुमचं बगा. उलटी धरलीय, खाच बगा की!"

"आगं बया, व्हय की."

पाना कधी न धरलेली माणसं एकमेकांच्या चुका काढत होती, आणि बरोबर काढत होती. मिस्त्री ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होते. हात दोन-तीनदा कमरेकडे गेला. टेप तिथंच होता. काढला नाही.

तीन सांधे दुपारच्या आत झाले. त्या तिन्ही जोडपट्ट्या मीच गठ्ठ्यातून काढून लोकांच्या हातात दिल्या. मग वरून आरोळी आली. थोरलीचा दीर आणि त्याचा भाऊबंद डोक्यावर प्लेट घेऊन उतरत होते आणि त्यांच्या मागे सगळी शेळ्यांची रांग. प्लेटवर बारकासा लाल टिळा होता.

"आमाला वाटलं हितं आमच्याबिगर चालू करनार न्हाई," दीर म्हणाला.

"तुज्याबिगर पुराच होत न्हाई," थोरली म्हणाली. "लाव लवकर."

ती प्लेट बसली. जिभा गेल्या. चौथी जोडपट्टी त्या दोघांनी गठ्ठ्यातून स्वतःच उचलली आणि सांध्यावर धरली. वरचे चार बोल्ट गेले. खालचे चार जाईनात. भोक भोकाच्या समोर नव्हतं, करंगळीच्या नखाएवढं सरकलेलं. मी पाना घेऊन जोर लावला. मग बोल्ट सैल करून पुन्हा लावले. तेच.

"घन हानू का?" दिराने विचारलं.

"नको!"

मिस्त्रींच्या पिशवीत बॅटरीचं ड्रिल होतं, मी सकाळी पाहिलं होतं. चार भोकं थोडी मोठी करायची, पाच मिनिटांचं काम. साकव उभा राहिला असता, वाडीला काही फरक पडला नसता. पण शेडमधलं माप परत एका कमरेला गेलं असतं, ह्यापुढे कायमचं, आणि माझ्याच हाताने. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते पिशवी उघडत नव्हते. ओट्यावर बसले होते.

"पट्टी बघ," ते म्हणाले.

"पाहिली. भोकं बरोबर आहेत. चित्रात बरोबर आहेत."

"डोळ्यानं न्हवं. बोट फिरव. मागून."

मी वरचे बोल्ट सैल करून पट्टीच्या मागे बोट घातलं. जोडपट्टीच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बोटाला काहीतरी टोचलं. खळगा, आणि त्याच्या कडेला बारीक उंचवटा. सेंटर पंचाचा ठिपका. मी पळत दुसऱ्या सांध्याकडे गेले. तिथल्या पट्टीवर ठिपका होता तो बाहेरून, वरच्या कोपऱ्यात. उरलेल्या दोन्हींवर तसाच. फक्त ह्याच पट्टीवर तो आत आणि खाली होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरच्या बोल्टांची डोकी आडव्या प्लेटीच्या जिभेला लागू नयेत म्हणून मी जोडपट्टीच्या वरच्या ओळीची भोकं खालच्या ओळीपेक्षा पाच मिलिमीटर एका अंगाला सरकवली होती. म्हणजे पट्टीला वरची बाजू आणि खालची बाजू होती. डोळ्याला ती दिसत नाही. मला दिसत होती, कारण मी ती काढली होती. सहा मोठ्या प्लेटींना खाचा ठेवणारी मी, ह्या बारक्या पट्ट्यांना काहीच खूण ठेवली नव्हती. तुमाला सरळ हाय. तुमीच लिवलंय. चित्र मी कुणालाच वाचून दाखवलं नव्हतं. 'म्हंजी?' विचारायला कुणाला जागाच दिली नव्हती. आणि मी निघाले होते माप सगळ्यांचं करायला.

"तुम्ही कधी मारला हा ठिपका?"

"शेडात तू जुळवत हुतीस न्हवं, तवा परत्येक पट्टी हातात घिऊन एकडाव फिरवत हुतीस," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं काईच फिरवत न्हवतीस. म्हनलं ही फिरवतीय म्हंजी काय तरी हाय. तुज्या हाताला ठावं हुतं, तुज्या त्वांडाला न्हवतं. तू ग्येल्यावर म्या ठोकले. ठिपका वर, त्वांड भाईर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तूच म्हनतीस न्हवं, पत्र्यानं सोता सांगाय पायजे?" ते ओट्यावरून उठले. "म्हनलं बघू, सांगतोय का."

त्या दोघांनी पट्टी काढली, ठिपका बाहेर आणि वर केला, पुन्हा धरली. आठही बोल्ट बोटांनी आत गेले. पाना लागलाच नाही सुरुवातीला.

मिस्त्रींना अजून एक गोष्ट बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. चौकट काटकोनात आहे का ते पाहायचं तर दोन्ही कर्ण सारखे भरायला पाहिजेत. हात कमरेकडे गेला आणि थांबला.

"थोरले," ते म्हणाले, "तुमची ती दोरी आना."

थोरलीने दोरीचं एक टोक एका कोपऱ्याला धरलं, दुसरं टोक मी तिरकस समोरच्या कोपऱ्याला ताणलं आणि मिस्त्रींनी तिथं गाठ मारली. मग आम्ही दुसऱ्या कर्णावर गेलो. गाठ कोपऱ्यावर बरोबर येऊन टेकली. मिस्त्रींनी ती अंगठ्याने दाबून पाहिली, एकदा, दोनदा.

"वल्ली न्हाई ना दोरी?" त्यांनी विचारलं.

"आज न्हाई," थोरली म्हणाली.

चालायचा पत्रा घट्ट व्हायच्या आत दिराच्या शेळ्या पलीकडे गेल्याही होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला. थोरली सगळ्यात शेवटी गेली, हळू, आणि मध्यावर थांबून वाकून आपल्या घराच्या दोन खाचांवर हात फिरवून मग पुढे गेली. मला त्या दिवसाचा गर्व आहे. मी तो लपवत नाही. त्या साकवात मिस्त्रींचा ठिपका आहे, वाडीची खूण आहे आणि माझी जीभ आहे, आणि तिन्हींपैकी एकही कमी असतं तर तो तिथं उभा नसता.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मिस्त्री, ठिपका तुमचा होता. शर्यत मी जिंकले असं मी म्हणणार नाही."

"भोक पाडलं का?"

"नाही."

"टेप काडला का?"

"नाही."

"मंग झालं तर. लई पत्रकं नको वाटू."

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले तेव्हा दाराच्या चौकटीजवळ एक नवा खिळा होता आणि त्याला टेप. सकाळभर कुणी हात लावला नाही. सगळे त्याच्याखालून वाकून जात होते, जणू तो पडेल. शेवटी मीच गेले. मिस्त्रींनी खिळा त्यांच्या उंचीला ठोकला होता. मला टाचा उंच करून बोटांनी तो ढकलून काढावा लागला.

"उंच ठोकलाय, मिस्त्री."

"पोचला न्हवं हात?"

आता नवं चित्र लेझरवाल्याकडे पाठवायच्या आधी मी ते शेडमधल्या टेबलावर पसरते आणि सगळ्यांना वाचून दाखवते. मिस्त्री तंबाखू मळत ऐकतात. मध्येच, हातावरची नजर न काढता, विचारतात, "म्हंजी?"

मी खोडरबर घेते.